शेवड्यांची फियाट

"माने, हेमंतची गाडी चालू होईल का हो?"

नाना शेवडे दोन घरांच्या मधल्या भिंतीपलीकडे उभे होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता. मी चूळ भरून तोंड पुसेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मामलेदार कचेरीत सारा जन्म काढलेला माणूस, समोरच्याचं आटोपेपर्यंत थांबायची सवय अंगात मुरलेली.

"होईल की," मी म्हटलं. "पण एकदम कशी आठवण झाली?"

"लागणार आहे."

"मग स्टँडमागच्या गॅरेजवाल्याला बोलवा. अर्ध्या दिवसाचं काम."

"गॅरेजवाला नको. चार माणसं गोळा होतात, विचारपूस सुरू होते. तुम्हीच बघा. जमेल ना?"

जमेल ना, असं मला कुणी विचारलेलं खपत नसे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी फोरमन होतो. अख्खी टर्बाइन उघडून बसवायचो, आणि हे मला एका फियाटचं विचारत होते.

"हेमंत येतोय वाटतं," मी म्हटलं.

नानांनी घराच्या पुढच्या खिडकीकडे पाहिलं. "ती वाट बघतेय," ते म्हणाले.

मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. कुणीही तोच घेतला असता.

ती म्हणजे वत्सलाकाकू, नानांची बायको. साखरेच्या आजारानं आधी त्यांची नजर गेली, मग मूत्रपिंडं गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि घरी न्या याचा अर्थ आमच्या गल्लीत सगळ्यांना समजत होता. त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लागून टाकली होती. हेमंत त्यांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर इंजिन-रूमला असायचा. मधेच ग्लानी यायची, मधेच जाग यायची, आणि जाग आली की त्या एकच विचारायच्या, हेमू कधी येतोय. बायका दबक्या आवाजात बोलायच्या, जीव त्याच्यात अडकलाय म्हणून. शालन, माझी बायको, रोज त्यांच्या उशाशी थोडा वेळ बसून यायची आणि आल्यावर थेट कामाला लागायची.

तर ही गाडी. हेमंतनं पहिल्या जहाजाच्या कमाईतून कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी फियाट घेतली होती. जहाजाचं भलंमोठं इंजिन सांभाळणारा हा पोरगा स्वतःची गाडी मात्र तारेनं बांधून चालवायचा. काही तुटलं की बांध तार, काही सैल झालं की कोंब चिंधी. त्याच्या-माझ्यात त्यावरून कायम जुंपायची. "काका, चालतीय ना? मग झालं," असं म्हणून तो हसायचा. गाडी कोपऱ्यावर वळली की गल्लीच्या या टोकापर्यंत कळायचं. खालून सायलेन्सर खडखडायचा, पुढून बेल्ट किंचाळायचा. "आली शेवड्यांची वरात," शालन म्हणायची, आणि तेवढ्यात शेजारी काकूंचा तवा चुलीवर चढलेला असायचा.

त्या संध्याकाळी कारखान्यातून आलो, चहा घेतला आणि हत्यारांची पेटी उचलून नानांच्या अंगणात गेलो. गाडीवरची ताडपत्री ओढली तर धुळीनं दोघंही खोकत सुटलो.

बॉनेट उघडल्यावर मी कपाळाला हात लावला. एअर फिल्टरमध्ये उंदरानं संसार थाटला होता. वायरी कुरतडलेल्या. बॅटरी तर कधीच गेलेली, तिच्या टोकांवर हिरवट बुरशी चढली होती. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता.

"नाना, ही गाडी नाही, हे उंदरांचं बाळंतघर आहे."

एरवी नाना अशा बोलण्यावर हसायचे. त्या दिवशी त्यांनी बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि विचारलं, "उद्यापर्यंत होईल?"

उद्या झाली नाही, परवाही झाली नाही. मी कार्बोरेटर उघडला, साफ केला, बसवला, तर पेट्रोल येईना. पंप उघडला, तर त्यातला पडदा फाटलेला. सांगलीला एक माणूस जाणार होता, त्याच्याकडून पडदा मागवला, तर तो दुसऱ्याच गाडीचा घेऊन आला. मग मीच रजा टाकून गेलो. पंप झाला तर ठिणगी पडेना. ठिणगी पडायला लागली तर किल्ली फिरवल्यावर सेल्फ नुसता घरघरायचा. एक बोल्ट गंजून बसला होता, जोर लावला तर पाना निसटून माझी बोटं रेडिएटरवर आपटली आणि सालटी निघाली. मी त्या गाडीला, तिच्या मालकाला आणि तारेचा शोध लावणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, खिडकी उघडी होती.

"कोण ओरडतंय हो?" आतून काकूंचा बारीक आवाज आला.

"माने आहेत. गाडी बघतायत," नाना म्हणाले.

"हेमूची?"

"हो."

मग काकू म्हणाल्या, "त्यांना चहा द्या."

नाना चहा करायला उठले. कधी नव्हे ते त्यांचा चहा पांचट आणि बिनसाखरेचा झाला होता. मी तो मुकाट्यानं प्यालो.

नानांची मदत म्हणजे आणखी एक ताप होता. दहाचा पाना मागितला की बाराचा द्यायचे. बोललेलं दोनदा सांगावं लागायचं. आणि सारखं एकच पालुपद, "माने, चालू होण्यापुरतंच करा. बाकीचं राहू दे."

"चालू होण्यापुरतं म्हणजे काय?" मी एकदा चिडलोच. "करायचं तर नीट करायचं. हे बघा." मी गाडीखालून सरकत बाहेर आलो आणि हातातला रबराचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. सायलेन्सर ज्या रबरावर टांगतात, त्याच्या जागी हेमंतनं स्लिपरचा तुकडा कापून तारेनं आवळला होता. "तुमच्या चिरंजीवांची कारागिरी. पायातली चप्पल गाडीला."

नानांनी तो तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला. निळ्या पट्ट्याची स्लिपर होती. "हे असू दे ना," ते म्हणाले. "हे काही बिघडलेलं नाही."

"बिघडलेलं कसं नाही? म्हणून तर खडखडतेय." मी तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. ते काहीतरी बोलणार होते. पण माझ्या तोंडाला तोंड देणारा तो माणूस नव्हे. पुन्हा बादलीवर जाऊन बसले.

सायलेन्सर मी कारखान्यात नेऊन वेल्डिंग करून आणला. नवे रबर घातले. बेल्टही नवा घातला. इतकं मन लावून मी स्वतःच्या स्कूटरचंही कधी काम केलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यात गोडी लागली होती. हेमंत आला की गाडी त्याच्या हातात द्यायची, आणि म्हणायचं, आता ऐक, याला इंजिन म्हणतात.

त्यातच आमच्या घरी सत्यनारायण आला. धाकट्या मुलीची परीक्षा झाली होती, शालननं बोललेलं होतं. तिनं शेवड्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, तरी नाना पूजेला आले नाहीत. काकूंना सोडून कसे येणार म्हणून आम्हीही मनावर घेतलं नाही. आरती झाल्यावर शालन शिऱ्याची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली आणि गेली तशी परत आली. वाटी भरलेलीच.

"काय झालं?"

"नाना फाटकातच आडवे आले. प्रसाद नको म्हणाले."

"नको म्हणाले?"

"मी म्हटलं, काकूंना तरी चिमूटभर देते. काकूंनी आतून ऐकलं, म्हणाल्या, आण गं शालन. तर हे म्हणतात, तिला गोड चालत नाही." शालनचे डोळे भरून आले होते. "अहो, आता या अवस्थेत चिमूटभर शिऱ्यानं काय होणार होतं? आणि प्रसादाला कुणी नको म्हणतं का? हात मागं घेतले की ओ त्यांनी. मी काही परकी आहे का?"

माझं डोकं सणकलं. संध्याकाळ-संध्याकाळ मी कोपरापर्यंत काळा होतोय आणि हा माणूस माझ्या घरचा प्रसाद परत पाठवतो. तो दिवसभर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. दुसऱ्या दिवशीही जाणार नव्हतो. पण कारखान्यातून येताना पाहिलं तर नाना एकटेच गाडीपाशी उभे होते. हत्यारांना हात लावायची त्यांची छाती नव्हती. नुसते उभे होते, एक हात बॉनेटवर ठेवून. दाढी वाढलेली. रोज सकाळी पूजा करून कपाळाला गंध लावल्याशिवाय दारात न येणारा माणूस, त्याचं कपाळ कोरडं होतं. मला वाटलं, बायकोच्या आजारपणात देवधर्मही सुटला. राग होता तो होता, पण मी पेटी उचलली.

"डॉक्टर सकाळी येऊन गेले," नाना म्हणाले. "आज-उद्याचं बघा, म्हणाले."

मी सेल्फ पुन्हा उतरवला, आतली झिजलेली बुशं बदलली, बसवला. किल्ली फिरवली. गाडीनं दोनदा खाकरल्यासारखं केलं, आणि सुरू झाली.

काय चालली म्हणून सांगू. थरथर नाही, खडखड नाही. बॉनेटवर पेला ठेवला असता तर पाणी हललं नसतं. मी विजयी मुद्रेनं नानांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी मान वाकवून कान दिला होता, कुणीतरी लांबून हाक मारतंय का ते ऐकावं तसा.

"माने, एक काम कराल?" ते म्हणाले. "गाडी ढकलतच बाहेर काढू. लांब नेऊन मग चालू करा. कोपऱ्यावरून वळून या आणि इथं फाटकाशी थांबवा. मी आत तिच्याजवळ बसतो."

"कशासाठी?"

"तेवढं करा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला बायकोला खूश करायचं असेल. आम्ही गाडी उतारावर ढकलली, ती गल्लीबाहेर गेल्यावर मी चालू केली आणि स्टँडपर्यंत चक्कर मारून आलो. ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावर वळलो, सावकाश गल्ली चढलो, फाटकाशी थांबलो. इंजिन चालू आहे की बंद, हे मलाच कळत नव्हतं इतकं शांत.

खिडकीतून काकूंचा आवाज आला. "कुणाची हो गाडी आली?"

नाना काहीतरी पुटपुटले, ते ऐकू आलं नाही.

"डॉक्टर असतील," काकू म्हणाल्या. "आता नको म्हणावं सुई."

नाना बाहेर आले. फाटकाला धरून उभे राहिले. "ओळखली नाही तिनं," ते म्हणाले.

मी खाली उतरलो. खरं तर मला वैताग आला होता. इतकी मेहनत, आणि शाबासकी सोडाच, वर हे तोंड. "नाना, काय चाललंय तुमचं? हेमंत कधी येतोय ते तरी सांगा एकदा."

नानांनी मला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे, खिडकीपासून लांब नेलं.

"शालन माझ्यावर रागावली असेल ना? प्रसाद परत पाठवला म्हणून."

"रागावणार नाही तर काय."

"घेता येत नव्हता, माने. सुतक आहे आम्हाला."

कुणाचं, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. हेमंतखेरीज त्यांनी सुतक धरावं असं होतं कोण.

नाना हळू आवाजात, एखाद्या दुसऱ्याच घरातलं सांगावं तसं सांगत होते. कंपनीतून फोन आला होता. रात्रीच्या पाळीत, वादळात, डेकवरून समुद्रात. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. फोन पुढच्या खोलीत, काकूंच्या खाटेपाशीच. बोलणं झाल्यावर काकूंनी विचारलं, कुणाचा फोन. ते म्हणाले, राँग नंबर.

"कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर शालनला कळलं असतं. ती रोज येऊन बसते, तिचा चेहरा... हिला दिसत नाही, पण आवाजावरून सगळं कळतं. हिला सांगू कसं? आणि न सांगता जाऊ तरी कसं देऊ? रोज विचारते, आला का. जीव जात नाही तिचा, माने. हाल बघवत नाहीत." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "म्हटलं, गाडी तेवढी वाजली तर तिला वाटेल, आला. तेवढं कळलं की सुटेल. पण आता ती गाडी त्याची वाजतच नाही."

हेमंतला मी त्याच्या बारशापासून पाहिला होता. रडायला तिथं जागा नव्हती आणि वेळही नव्हता.

"चला," मी म्हटलं. "ढकला."

गाडी आम्ही पुन्हा उतारावरून खाली नेली, उसाच्या शेताकडेला, जिथून गल्लीत काही ऐकू जात नव्हतं. भंगाराचा डबा मी बरोबर घेतला होता. नवे रबर काढले. स्लिपरचा तुकडा शोधून काढला, तीच तार पुन्हा आवळली. वेल्डिंग केलेला जोड हातोडीनं ठोकून उखडला. जन्मात पहिल्यांदा मी चांगलं काम बिघडवत होतो, आणि ते मला धड बिघडवताही येत नव्हतं.

चालू केली. सायलेन्सर ढणढणा वाजायला लागला.

"नाही," नाना म्हणाले. "जास्त झालं. इतकं नव्हतं वाजत."

तार आवळली. मग अगदीच गप्प झाली. पुन्हा सैल केली. नाना डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभे होते. "खडखड बरोबर आहे. पण ते दुसरं राहिलं. वळताना ओरडायची ना ती."

जुना बेल्ट चढवला. नुसता घसरायचा, ओरडायचा नाही. ताण कमी केला, जास्त केला, वर पाण्याचा हबका मारला. इतके दिवस दहा-बाराच्या पान्यात घोळ घालणारा माणूस आता मला तसूतसूनं सांगत होता, आणखी थोडं, नाही, मागं घ्या, हां, पण अजून एक काहीतरी. मी त्यांच्यावर ओरडलो नाही.

एकदा मी ॲक्सिलरेटर दाबला आणि बेल्ट लांबलचक किंचाळला, खालून खडखड सुरू झाली. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली आणि घराच्या दिशेनं चालायला लागले, मग जवळजवळ पळायलाच लागले.

त्यांना घरात पोचायला वेळ दिला आणि मी निघालो. कोपऱ्यावर गाडी किंचाळली. गल्लीतल्या दोन दारांतून माणसं बाहेर डोकावली. शालन आमच्या फाटकाशी आली, तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. हेमंत आला, असं तिला वाटलं होतं. मी तिच्याकडे न बघता पुढे गेलो.

मी थांबायच्या आत शेवड्यांचं दार उघडलं आणि नाना धावत बाहेर आले. हेमंत यायचा तेव्हा यायचे तसेच, अनवाणी. त्यांनी फाटक उघडलं आणि वाकून गाडीच्या खिडकीतून आत पाहिलं. ज्या चेहऱ्यानं पाहिलं, तो चेहरा मी इतक्या वर्षांत विसरू शकलो नाही. सगळं त्यांनीच ठरवलेलं होतं, आवाज त्यांनीच जुळवून घेतला होता. तरी त्यांनी आत वाकून पाहिलं. आणि आत मी होतो.

"हेमू आला," घरातून काकू म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात शंका नव्हती. "अहो, आला ना तो?"

मी किल्लीला हात घातला.

"बंद करू नका," नाना कुजबुजले. "बंद केली की आत यावं लागेल त्याला."

मी पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवला. नाना आत गेले. खिडकी माझ्यापासून हातावर होती, पडदा बाजूला होता.

"आला," नाना म्हणाले. "गाडी लावतोय."

"मी म्हटलंच." काकूंना दम लागला होता. "भुकेला असेल. शालनला सांगा, दोन पोळ्या..."

"सांगतो."

"अजून लावतोय?"

"हो. लावतोय. जागा कमी पडतेय."

"सावकाश लावू दे," काकू म्हणाल्या. "घाई करू नको म्हणावं. मी आहे जागी."

मी समोर बघत बसलो. गाडी खडखडत होती. शालन आमच्या फाटकापासून हळूहळू जवळ आली आणि काचेतून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिनं पदर तोंडात धरला आणि तिथंच खाली बसली.

आतलं बोलणं थांबलं होतं. अंधार पडायला लागला तरी मी पाय काढला नाही. पेट्रोलचा काटा खाली आला होता, आणि आता ही बंद पडली तर काय, एवढी एकच भीती मला वाटत होती. इतके दिवस ही गाडी सुरू होत नाही म्हणून मी शिव्या घालत होतो.

दार उघडलं. नाना पायऱ्या उतरून आले. या वेळी सावकाश आले. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली स्वतःच फिरवली.